मशीननं गाळलेला सभासद

‘मशीन चुकत नाही’ एवढ्या एका वाक्यावर किती कंपन्यांनी आपली घरं भरली असतील, कोण जाणे. मी उभी हयात प्रोग्रामर म्हणून घालवली, तेव्हा सांगतो, वाक्य तसं खोटं नाही. चुकतात ते मशीन विकणारे, आणि कबूल करायची वेळ आली की हेच महाभाग मशीनमागे दडून बसतात. आताच्या पोरांना वाटतं, ही तऱ्हा नवी आहे. कंपनी प्रोग्राम उघडून दाखवत नाही, उलट गिऱ्हाइकालाच सांगते की तुम्ही बदला, आणि वर नव्या युगाचा टेंभा मिरवते. अहो, हे सगळं मी सत्तरच्या दशकात जळगावात पाहिलंय. तेव्हा तिथं कॉम्प्युटर कुणी डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता.

मी नोकरीला होतो मुंबईच्या एका कंपनीत. मशीन मुंबईत, तेही भाड्याचं आणि परदेशात वापरून टाकून दिलेलं. त्यावरचा प्रोग्रामही तिकडूनच बांधून आलेला. आत काय लिहिलंय ते आम्हाला दाखवायचं नाही, फक्त वापरायचं कसं त्याचं पुस्तक हातात द्यायचं. आम्ही म्हणे प्रोग्रामर! माहिती कार्डांवर भोकं पाडून मशीनला द्यायची आणि छापून निघेल ते घडी घालून पाठवायचं, एवढीच आमची प्रोग्रामगिरी. जळगावच्या केळी बागायतदारांच्या सोसायटीचं काम कंपनीला मिळालं, तेव्हा मी तिकडचा म्हणून आमच्या कंपनीच्या साहेबांबरोबर माझी रवानगी झाली.

काम होतं वॅगनच्या पाळीचं. केळी रेल्वेनं दिल्लीला जायची. वॅगन थोड्या, बागायतदार फार, म्हणून सोसायटी दर पंधरवड्याला पाळीची यादी लावायची. आपल्या पाळीला माणूस घड हिरवे असतानाच कापायचा आणि बैलगाडीनं स्टेशनावर आणायचा. पाळी हुकली की घड झाडावरच पिकणार, आणि पिकलेलं केळं दिल्लीपर्यंत टिकत नाही. वर्षभराची राखण त्या एका दिवसावर असायची.

ही यादी तोवर सोसायटीचे जुने कारकून हातानं करायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. जळगावजवळच्या असोद्यासारख्या गावात अर्ध्या गावाचं आडनाव एक. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे फिरून फिरून तीच नावं. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही जुळणारे दोघं-तिघं गावात सहज सापडत. गावाला त्याची अडचण नव्हती. एक खालच्या विहिरीचा, एक पिंपळाजवळचा, एक मोटारवाला. नाना वहीत नावापुढे लाल शाईनं तेवढं लिहून ठेवत, आणि त्यांच्या हातून कुणाची पाळी कधी गेली नव्हती.

आमच्या कार्डावर ‘खालच्या विहिरीचा’ लिहायला जागा नव्हती. नानांनी सभासदांचे जुने नंबर पुढे केले, तर साहेब म्हणाले, मशीन स्वतःचे नंबर देतं. बांधून आलेल्या त्या प्रोग्रामला नाव, बाप, आडनाव आणि गाव जुळलेलं दिसलं की दुसरं कार्ड चुकून दोनदा भरलेलं, असं समजून तो ते बाहेर टाकायचा. चाचणीतच माझ्या लक्षात आलं की दिली त्यापेक्षा नावं कमी छापून येतात. मी साहेबांना लेखी कळवलं.

“डुप्लिकेट काढलेत मशीननं,” साहेब खुशीत म्हणाले. “बघ, जुन्या वहीत किती घाण होती!”

मी म्हटलं, “साहेब, ती घाण नाही, माणसं आहेत.”

“मग त्यांना सांग, नावं नीट ठेवा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रोग्रामला वाकायला सांगायचं नाही, गावानं आपली बारशी बदलायची! पण नोकरी नवी होती. कागदाची प्रत फाइलला लावून मी गप्प बसलो.

पहिली यादी सोसायटीच्या भिंतीवर लागली. दोन-तीन दिवसांनी असोद्याहून दोघं जण एसटीनं आले. दोघांचं नाव, बापाचं नाव, आडनाव एकच. एक पिंपळाजवळचा, त्याला पाळी मिळाली होती. दुसरे खालच्या विहिरीचे, वयानं मोठे, आबा. त्यांचं नाव यादीत नव्हतं.

“भाऊ, मी काय मेलो का?” आबांनी मला विचारलं. “मंग मले काढलं कशाले?”

मी सांगू लागलो, मशीन, कार्ड, जुळणारं नाव. माझं मलाच ते बोलणं ऐकवेना. पिंपळाजवळचा मध्येच म्हणाला, “मले एक वॅगन भेटली ना? अर्धी याले द्या. मी अर्धीच केयी कापतो.” जे आमच्या मशीनला सुचलं नाही, ते त्याला उभ्या उभ्या सुचलं. साहेबांनी कानावर हात ठेवले. वॅगन एका नावावर, फोड करता येत नाही. तक्रार असेल तर फॉर्म भरा.

फॉर्म भरला. पहिलाच रकाना मशीननं दिलेल्या नंबराचा. आबांना मशीननं नंबर दिलेलाच नव्हता. तो रकाना कोरा, म्हणून फॉर्म अपूर्ण, म्हणून परत. ज्याला काढलं त्यालाच तक्रार करता येणार नाही, अशी ती चोख व्यवस्था होती. मी फॉर्म घेऊन दोनदा साहेबांकडे गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी मला दारातूनच वाटेला लावलं. नानांनी हातानं नाव घालू पाहिलं, तर हाताचं नाव चालणार नाही असं कंपनीनं करारातच लिहून घेतलं होतं.

पुढची यादी निघेपर्यंत आबांची बाग पिकली. मी सायकलवर असोद्याला गेलो तेव्हा ते घड कापून बांधावर गुरांपुढे टाकत होते. मला पाहून हातातला विळा थांबला. “घरी ने चार केयी,” म्हणाले. मला ती घेववेनात. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं कंपनीनं धुळ्याला सभा लावली. तिथल्या कापसाच्या गाड्यांच्या पाळ्याही आम्हीच लावणार होतो. पुढे खुर्च्यांवर संचालक आणि व्यापारी मंडळी. साहेबांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला. जळगावचं काम, आलेल्या तक्रारी: शून्य. टाळ्या पडल्या. कपाशीच्या हिशेबात केस पिकलेले एक संचालक उठले आणि सरळ माझ्याकडे वळले.

“भाऊ, तू तर तिकडलाच शे ना? खरंच येक बी तक्रार नहीं?”

साहेब माझ्याकडे बघत होते. फाइलला लावलेली माझी प्रत मला आठवत होती.

“नोंदलेली एकही नाही,” मी म्हणालो.

एक अक्षर खोटं नव्हतं. संचालकांनी समाधानानं मान हलवली आणि सहीसाठी कागद पुढे ओढला.

कंपन्यांवर मी आज तोंडसुख घेतो, तेव्हा कुणी ना कुणी विचारतं, एवढी चीड कशाची तुम्हाला? त्यांच्याच पगारावर तर जगलात. हो, जगलो. आबांची केळी तोवर गुरांनी खाऊन संपवली होती, आणि धुळ्याला ते शून्य खरं आहे असं मी सांगितलं.