वासाचं पीठ

माझं बाळ जन्मतःच गेलं, त्यानंतर मी इंदापूरहून माहेरी पणदऱ्याला आले ती परत गेलेच नाही. सासरहून दोनदा निरोप आला, मग तोही थांबला. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. मी दिवसभर मागच्या खोलीत पडून असायची. आई जेवायला वाढायची आणि दाराबाहेर उभी राहून ताट रिकामं व्हायची वाट बघायची.

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. रविवारी गॅरेज बंद ठेवून ते गळ टाकायला जायचे, कधी नीरा कालव्यावर, कधी मोटारसायकलवरून थेट इंदापूरच्या बाजूला, उजनी धरणाच्या फुगवट्यावर. तिथे चिलापी मिळायची, तळहाताएवढी, काटेरी पाठीची.

एका रविवारी ते कणकेचा गोळा घेऊन माझ्या खोलीत आले.

"जरा हुंगून बघ. बडीशेप जास्त झाली का?"

मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"आगं बघ की. माशाला वास आवडला पायजे."

मी हुंगलं. बडीशेपेचा भपकारा आला. "लई झाली," मी म्हणाले. किती दिवसांनी माझ्या तोंडून शब्द निघाला होता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग चल. कणीक घालून तूच कमी कर. तितंच करू."

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. आईला वाटलं, लेकीला माणसांत आणायला त्यांनी ही युक्ती काढली. मलाही तसंच वाटलं होतं. खरं कारण मला बारामतीच्या बाजारात कळलं.

तिथे एक अत्तराचं दुकान होतं. दुकानदार म्हातारे, मृदू बोलणारे. तात्यांनी अत्तर मागितलं ते माशांसाठी, हे ऐकून ते खूप हसले. त्यांनी तात्यांच्या एका मनगटावर गुलाब लावला, दुसऱ्यावर खस. "कोणता देऊ?"

तात्यांनी दोन्ही मनगटं नाकाशी नेली. त्यांचा चेहरा हलला नाही. "ह्योच," ते म्हणाले, आणि उजवा हात पुढे केला. "गुलाब."

उजव्या हाताला खस होता. दुकानदारांना वाटलं थट्टा चाललीय. मला कळलं.

परत येताना पणदऱ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "डिझेलनं नाक मारलंय माझं. काय वास येत न्हाय. तुझ्या आईला सांगू नको, ती उगं जीव खाईल."

"कधीपासनं?"

"झालं की वरीस."

"डॉक्टरला दावा की मग."

"नाकाला काय दावायचं? न्हाय वास आला तर काय मरतोय का माणूस?"

मी सांगितलं नाही. खरं तर मला बरं वाटलं होतं. त्या घरात माझी कुणाला गरज आहे असं बऱ्याच दिवसांनी वाटलं.

मग आम्ही दोघं वासामागे लागलो. बांबूच्या दोन काठ्या शेजारी-शेजारी लावायच्या. एकीला साधं पीठ, दुसरीला वासाचं. अर्ध्या तासाने जागा बदलायची, म्हणजे जागेचा दोष वासाला लागायला नको. मी वास ठरवायची, ते दोरीवरच्या तरंग्याकडे बघायचे; तो बुडाला की मासा लागला. अत्तराच्या पिठाला मासा शिवलाही नाही. वेलदोडा वाया गेला. पाणी गढूळ असलं की बडीशेपेला मासा लवकर यायचा, पण हिवाळ्यात पाणी निवळलं की दोन्ही काठ्या सारख्याच. सगळ्यांत बरी चालली ती शेंगदाण्याची साधी पेंड, तिला वरून काही लावायची गरज नव्हती. मी तसं म्हटलं की तात्या चिडायचे.

"मग तुझं काय काम ऱ्हायलं हितं?" ते एकदा म्हणाले.

पुढच्या रविवारी मी पेंडीतही बडीशेप घातली.

दुसऱ्या वर्षी गोष्टी बिघडू लागल्या. एकदा त्यांनी डबा उघडला आणि आंबलेल्या पिठाच्या वासाने मी पदर नाकाला लावला. ते शांतपणे तेच पीठ मळत होते. पुढे ते विसरू लागले. एका गिऱ्हाईकाच्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडून ठेवलं आणि दुपारी विचारलं, "हे कुणी उघडलं?" कधी नव्हे ते आईच्या अंगावर ओरडले. सकाळी डोकं दुखायचं. आई म्हणायची, वय झालं. पन्नाशी नुकती उलटली होती त्यांची.

मग एका दिवशी तरंगा सरळ पाण्याखाली गेला आणि तात्या तसेच बसून राहिले.

"तात्या, वढा की!"

"कुठं हाय?" ते म्हणाले. "मला दिसंना गं."

बारामतीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि पुण्याला पाठवलं. तिथे डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. कपाळामागे, नाकाच्या वर गाठ होती. बरीच वर्षं हळूहळू वाढलेली.

"ह्यांना वास कधीपासून येत नाही?" त्यांनी विचारलं.

"वास येतो की," आई म्हणाली. "माशाचं पीठ वासावरच तर करत्यात ते."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. आईही.

"अडीच वर्षं होत आली," मी म्हणाले. "मला दीड वर्षापासून माहीत हाय."

गाठ काढता येईल, नजरेचं सांगता येत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर, हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. ते मी स्वतःच म्हणून घेतलं, पुढे कित्येक वर्षं.

ऑपरेशन झालं. तात्या वाचले. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार कळायचा, उजव्याला तेवढंही नाही. गॅरेज दुसऱ्याने चालवायला घेतलं. ते ओसरीवर बसून राहायचे आणि रस्त्याने जाणारा ट्रॅक्टर आवाजावरून ओळखायचे. मी त्यांची माफी मागितली तेव्हा म्हणाले, "मीच सांगितलं हुतं ना, बोलू नको म्हणून? मग?" एवढं म्हणून त्यांनी विषय बंद केला.

आईने बंद केला नाही. ती भांडली नाही. मी समोर आले की उठून जायची. चार महिन्यांनी एकदा चुलीपाशी, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मला वाटलं, तुमी दोघं हसताय तर हसू द्यावं. म्हणून मी कधी इचारलं न्हाय."

पुढच्या जूनमध्ये मी गावातल्या बालवाडीत कामाला लागले. सकाळी निघताना तात्यांना आंघोळीचं पाणी काढून देत असे. मी निघेपर्यंत आई गोठ्यातच असायची.