शिल्पाने कबड्डी का सोडली

शिल्पाच्या जागेवर मी खेळले, आणि त्या खेळण्यावर मला नोकरी लागली.

आज सकाळी शिल्पा गेली. न्यूझीलंडमध्ये. कॅन्सर होता.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपूरजवळ खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आमची क्वार्टर्स समोरासमोर. दोघीही कबड्डीत रेडर, चढाई करणाऱ्या. ती माझ्यापेक्षा चांगली. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाहीये, जुन्यांपैकी कोणालाही विचारा.

राज्याच्या टीमच्या ट्रायल्स झाल्या. रेडरची एकच जागा उरली होती आणि नावं दोन.

यादी लागायच्या आदल्या दिवशी शिल्पाने आमच्या कोच सरांना सांगून टाकलं, "मी नाही खेळत आता."

यादीत माझं नाव आलं.

का सोडलं? अख्ख्या कॉलनीने डोकं लावलं. कोणी म्हणे गुडघा गेला, कोणी म्हणे लग्न ठरलं. माझी आई म्हणाली, "तुह्यासाठी सोडलं वं तिनं. असी मैत्रीण भेटत नसते."

आईचं ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

मी स्वभावाने चोंबडी. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे तेही विचारते. पण हे एक तिला विचारायची हिंमत झाली नाही. ती "हो" म्हणाली असती तर मी काय केलं असतं?

ती नर्सिंग करून न्यूझीलंडला गेली. वर्षभराने कळलं, मॅडम तिथे रग्बी खेळतात! मग काय, व्हिडिओ कॉलवर मी मुलाखतच घ्यायचे.

"बॉल असा लांबुडका काहून? दात पडत नाही का? बाया बायांना खरंच उचलून आपटतात?"

"अवं बाप्पा, एक एक विचार नं!"

तिच्या पहिल्या मॅचचा किस्सा तर मी शंभर जणांना सांगितलाय. बॉल घेऊन, सगळ्यांना चुकवत ही पार शेवटच्या रेषेपलीकडे गेली. तिथे बॉल जमिनीला टेकवला की पॉइंट. पण ही बाई बॉल छातीशी धरून गर्रकन वळली आणि पळत सुटली परत मधल्या रेषेकडे!

"रेड मारली का वापस यावंच लागते नं वं. पायाईले कोन सांगन?"

ते ऐकून मी नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाजवळ स्कूटी उभी करून हसले. लोक बघत होते.

पुढे ती तिथल्या क्लबची कॅप्टन झाली. तिथेच नोकरी, तिथेच घर, तिथलाच पासपोर्ट. "कधी येतेस?" हा प्रश्न मी विचारायचा सोडून दिला.

तीन आठवड्यांपूर्वी कॉल केला. डोक्यावर केस नव्हते, आवाज बारीक. वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"शिल्पा, माह्यासाठी सोडली होती का वं कबड्डी?"

ती हसली, खोकला येईपर्यंत हसली.

"एवढी चांगली नाही वं मी! ट्रायलच्या दिवशी तू नळाजवळ रडून राहिली होती, आठवते? सिलेक्शन होते का नाही म्हणून. अन् मले काहीच वाटून नाही राहिलं होतं. झालं तं झालं, नाही तं नाही. तुले पाहून समजलं, आपलं मन भरलं याच्यातून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही? साऱ्या दुनियेले विचारत फिरते!"

इतकी वर्षं मी ऑफिसच्या खुर्चीत अवघडून बसत आले, कोणाची तरी जागा अडवल्यासारखी. खूप रडले. तिच्यावर चिडलेही.

मग तिनेच विचारलं, "तुले आवडते का अजून?"

मी रोज संध्याकाळी कॉलनीतल्या मुलींना कबड्डी शिकवते. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"हाव वं. लय."

"मंग झालं तं. जागा तुहीच होती."

तेवढ्यात नर्स आली आणि कॉल संपला. आमचं शेवटचं बोलणं तेच.

आज तिच्या टीममधल्या हॅनाचा मेसेज आला. मी तो चार वेळा वाचला आणि काही न सुचून हॅनाला विचारलं, शेवटी दुखलं का फार? "नाही," म्हणाली. "झोपेतच गेली."

शिल्पा, अजून बरंच विचारायचं राहिलंय. आता कोणाला विचारू?

नीट जा वं.