दगडी माणसाचा दुसरा भाग

नवऱ्याचं आणि लेकीचं एका बाबतीत पक्कं एकमत होतं: सिनेमाचा दुसरा भाग कधी बघायचा नसतो. "शिळ्या कढीला ऊत," नवरा म्हणायचा. दोघं सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून जुने, काळे-पांढरे, परदेशी राक्षसांचे सिनेमे बघत बसायचे. त्यातला सगळ्यात लाडका दगडी माणसाचा. खाणीतून एक दगडाचा माणूस उठतो, गावातली दारं फोडत सुटतो आणि शेवटी लोक त्याला सुरुंग लावून उडवतात. लेकीला तो तोंडपाठ होता. मी चहा घेऊन आत जायची आणि पहिली किंकाळी आली की स्वयंपाकघरात परतायची.

नवरा गेला त्याला आता काही वर्षं झाली. लेक नववीत आहे. तो गेल्यापासून घरात तो सिनेमा लागला नाही.

मी चाकणला एका कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. बाहेरून आलेले सुटे भाग मापून बघायचे, मापात बसले तर घ्यायचे, नाहीतर परत पाठवायचे. भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्याचा माल मी असाच परत पाठवला. बाकीचे येऊन हुज्जत घालतात. हा आला, माझ्यासमोर स्वतः मापून बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे मॅडम, आमचंच चुकलंय." मला तो त्याच दिवशी आवडला, आता सांगायला लाज कसली. त्याचा पहिला संसार मोडलेला, मूलबाळ नाही. पुढे लग्नाचा विषय निघाला, तेव्हा दापोडीला माहेरी आईच्या कानावर घातलं तर ती म्हणाली, "बिजवर आहे म्हणून काय झालं? तू तरी कुठं कोवळी नवरी आहेस?"

प्रश्न लेकीचा होता. तिला नको असेल तर मी हे लग्न करणार नव्हते, आणि तसं त्यालाही स्पष्ट सांगितलं होतं. लेकीला विचारलं तर म्हणाली, "कर की. मला कशाला विचारतेस?" आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या 'कर की'चा अर्थ लावता लावता माझी झोप उडाली. गॅसचं बटण तीनतीनदा बघायचे, धुतलेली भांडी परत धुवायचे.

अशाच एका रविवारी लेक क्लासला गेली होती. हातांना काही उद्योग सुचेना, म्हणून मी नवऱ्याच्या लॅपटॉपवर दगडी माणसाचा दुसरा भाग शोधून लावला. म्हटलं, बघू तरी ही शिळी कढी.

आणि मी खिळून बसले. गाव तेच, फक्त वर्ष-दोन वर्षांनी थकलेलं. पहिल्या भागात फोडलेली दारं इथं नव्या फळ्या ठोकून सांधलेली दिसतात. जुन्या काळ्या लाकडात त्या फळ्या पांढऱ्याफटक उठून दिसतात, रंगीत सिनेमात त्या तशा दिसल्याच नसत्या. पहिल्या भागात लोक घाबरतात, दुसऱ्यात त्यांना घाबरायची सवय झालेली असते, आणि हे दाखवणं जास्त अवघड. मग दगडी माणूस पुन्हा उठतो, एक हात तुटलेला. तसाच त्या सांधलेल्या दारापाशी येतो. मी कान झाकायच्या तयारीत होते. पण या वेळी तो दार फोडत नाही, वाजवतो. दगडाच्या बोटांनी, हळू, लाकडाला लागू नये असं. मागच्या खेपेला काय चुकलं ते त्याला कळलेलं असतं. आतली माणसं श्वास रोखून बसतात. तो वाट बघतो, पुढच्या दारी जातो. अख्ख्या गावात एकही दार उघडत नाही. सिनेमा तिथंच संपतो.

मी राक्षसाच्या सिनेमाला ढसाढसा रडले. नवऱ्याशी मनातल्या मनात भांडले सुद्धा, की अरे, पहिला भाग नुसता भीतीचा होता, शहाणपण सगळं दुसऱ्यात आहे, आणि तू तो बघितलाच नाहीस. लेकीला सांगावंसं वाटलं, पण जीभ रेटली नाही.

त्याच आठवड्यात वर्कशॉपवाल्याचा फोन आला. "मग सुट्टीला येऊ का घरी? लेकीला भेटतो." मी म्हटलं, या. लेकीलाही सांगितलं, रविवारी येतायत. ती 'हं' म्हणाली.

भोसरीच्या वर्कशॉपना सुट्टी गुरुवारी असते. तिथं आयुष्य काढलेल्या माणसाला रविवार म्हणजे कामाचा दिवस, तो कशाला वार सांगेल? आमची सुट्टी रविवारी, मी कशाला विचारू? भोसरीला लागून दापोडीत वाढलेल्या बाईला हे सुचू नये, याचा मला अजून राग येतो.

गुरुवारी काम सुटल्यावर गेटवरच्या लॉकरमधून फोन काढला तर त्याचा मेसेज: "तुमच्या बिल्डिंगखाली पोचलो, वर येतोय." त्याखाली लेकीचा एक मिस्ड कॉल. बसमध्ये चढता चढता मी लेकीला लावला, तिनं उचलला नाही. त्याला लावला.

"मी जिन्यात बसलोय," तो म्हणाला. "एकदा बेल वाजवली. पोरगी आतून म्हणाली, आई घरी नाही. बरोबर आहे तिचं, एकटी आहे. जाऊ का परत?"

हो म्हणावं तर तो परतणार, आणि रविवारी पुन्हा कुठल्या तोंडानं बोलवायचं? नाही म्हणावं तर दाराबाहेर परका पुरुष आणि आत माझी पोर. "थांबा," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्याबरोबर वाटलं, चुकलंच.

बस चाकणच्याच तळेगाव चौकात अडकली ती अडकलीच. मी उठले, बसले, पुन्हा उठले. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, उभं राहून गाडी लवकर पोचत न्हाई." रावेतला उतरल्यावर घराकडे पळतच निघाले. डोळ्यांपुढे ती सांधलेली दारं एकामागून एक येत होती आणि एकही उघडत नव्हतं.

तो जिन्याच्या पायरीवर होता, मिठाईचा पुडा मांडीवर धरून. मला बघून उठला. मी पर्समधून किल्ली काढली आणि कुलपाला लावणार, तोच आतून लेकीचा आवाज आला.

"आई, तू उघडू नकोस."

तो एक पायरी खाली उतरला. मग आतली कडी सरकली आणि लेकीनं स्वतः दार उघडलं. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.

"आत या," ती त्याला म्हणाली. "पण खिडकीजवळच्या खुर्चीत बसू नका. ती बाबांची आहे."

"बरं," तो म्हणाला. चपला बाहेर काढून आत आला, आणि सोफा रिकामा असताना भिंतीला टेकून खाली फरशीवर बसला.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. लेक त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"सोफ्यावर चालेल," ती म्हणाली.