निलोफरताईंची निवडणूक

मंडळी, आज दुपारी दिल्लीत, आमच्या द्वारकेतल्या मराठी मंडळाची निवडणूक झाली. मन अजून थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

निलोफरताई अध्यक्षपदासाठी उभ्या होत्या. मूळच्या मिरजेच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. इथे वाढलेल्या आमच्या मुलांना मराठी वाचायला त्यांनीच शिकवलं.

मतदानाआधी मावळते अध्यक्ष उठले. "ताई, तुम्ही आपल्याच आहात. पण गणपतीची पूजा अध्यक्षांनाच करावी लागते. लोक काय म्हणतील?"

"पूजा सचिव करतील," ताई शांतपणे म्हणाल्या. "मंडळ तर मराठी माणसांचं आहे ना?"

हात वर करून मतदान झालं. ताईंसाठी तीनच हात वर गेले. त्यातला एक माझा. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याचा नव्हता.

मी ताईंना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. "हरल्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पण मी बघितलं तेव्हा सगळे खाली मान घालून बसले होते."

घरी नवरा म्हणाला, "यार, सगळं नियमानेच झालं ना?"

झालं. बिल्कुल नियमाने झालं.

तुम्ही तिथे असता, तर तुमचा हात वर गेला असता का? खरं सांगा.