चंदन मिस्त्रीचा रंधा

प्रकाशा गावचा चंदन मिस्त्री म्हणजे नुसता तोंडाचा तोफखाना. मी त्याच्या शेजारी तीस वर्षं काढली, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. त्याचं एकच पालुपद: मन्हं लाकूड आजवर परत उनं नाही; ज्या दिवशी येईल त्या दिवशी बापाचा रंधा तापीत टाकीन. घरात बायकोचा पाट बारा वर्षं डुलतोय, पण तो म्हणे गिऱ्हाइकाचा नाही, मग मोजायचा कशाला?

अशा माणसाकडे शहाद्याचे निवृत्त इंजिनिअर योगेंद्र आले. सुरतेहून त्यांनी शर्यतीची जुनी, मोडकी शिडाची बोट आणलेली. दोन लांबट होड्या शेजारी-शेजारी जोडलेल्या. मिस्त्रीने भोकं बुजवली, रंग दिला. राहिल्या दोन फळ्या. प्रत्येक होडीच्या पोटातल्या खाचेतून एकेक फळी उभी पाण्यात सोडायची, म्हणजे वाऱ्याने बोट आडवी सरकत नाही. फळीची एक कड जाड नि गोलसर, दुसरी पातळ. योगेंद्र म्हणत होते, जाड कड पुढे. मिस्त्री हसला. कुऱ्हाड काय बोथट बाजूने मारतात? त्याने पातळ कड पुढे बसवली. इंजिनिअरांनीही नाद सोडला. मिस्त्रीपुढे कोण डोकं फोडणार!

नदीकाठी अर्धं गाव जमलं. शीड फुगलं आणि बोट खेकड्यासारखी तिरपी सरकत थेट डुंबणाऱ्या म्हशींत शिरली. योगेंद्रांनी ती ओढत आणून मिस्त्रीपुढे उभी केली. लाकूड परत आलं होतं. मिस्त्रीने पिशवीतून रंधा काढला. तो पाण्याकडे वळला, आणि खरं सांगतो, इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच्यासाठी माझं काळीज तुटलं.

तेवढ्यात त्याची बायको, तापीबाई, काठावरच घेतलेला मासा टोपलीत घालून आली. तिने फळ्यांकडे पाहिलं आणि मासा नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

"मासा काय शेपटी पुढे करीसन पोहस का?"

मिस्त्रीने मासा नीट निरखला. जाड डोकं पुढे, पातळ शेपूट मागे. पाण्यात उतरून त्याने दोन्ही फळ्या उपसल्या आणि फिरवून बसवल्या. या खेपेला बोट सरळ पलीकडच्या काठाला लागली.

लगेच मिस्त्रीची मान ताठ. तो रंधा पिशवीत घालायला गेला, तर तापीबाईने काढून घेतला नि टोपलीत टाकला.

"पहिले मन्हा पाट," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी शेजारून रंध्याचा आवाज येत होता. मिस्त्रीचा मात्र अजिबात नाही.