पाद्रीघराचं बुटकं दार

आमच्या गावातल्या जुन्या पाद्रीघराला दोन चेहरे आहेत. पुढचा विटांचा, उंच खिडक्यांचा, नटासारखा रंग लावून प्रवेशाला सज्ज. मागचा वाकड्या तुळयांचा, मातीच्या भिंतींचा. कुणा पाद्र्याला श्रीमंत बायको मिळाली आणि तिच्या पैशातून ही दर्शनी बाजू उभी राहिली. पण माझा जीव बाजूच्या बुटक्या दारावर. ते थेट अभ्यासिकेत उघडतं. चिखलाचे बूट दिवाणखान्यात यायला नकोत, म्हणून ते गावकऱ्यांसाठी ठेवलेलं. लग्न ठरलं, घरातलं माणूस गेलं, की लोक तिथं येऊन टकटक करत. दार उघडायची मोलकरीण हेस्टर पॉबजॉय.

किती पाद्री आले नि गेले, हेस्टर राहिली. पुढे चर्चने घर विकलं, तरी ती तिथंच कामाला राहिली. नवे पाद्री बसथांब्यापाशी लहानशा घरात राहू लागले, तरी लोकांचे पाय सवयीनं इथंच वळत. हेस्टर चहा टाकायची, सगळं ऐकून घ्यायची, मग त्यांना बसथांब्याकडे धाडायची.

नवे मालक लॅव्हिंग्टनसाहेब यांनी ते दार बुजवून तिथं पुस्तकांचं कपाट करायचं ठरवलं. मी शेजारीण, ऐकून पेटून उठले. "हेस्टर, सगळं गाव गोळा करते!"

"बाई, तुमचं नाटक राहू द्या," बादली खाली ठेवत ती म्हणाली. "बुजवू देत. गुडघे संपले माझे. लोकांच्या मरणासाठी उठणं आता होत नाही. मला नुसतं बसायचंय."

गवंडी आला त्या सकाळी मी अभ्यासिकेतच होते, साहेबही होते. त्यानं वीट उचलली आणि बाहेरून टकटक झाली. खिडकीतून पाहिलं, तर म्हातारा अमोस टकेट, टोपी हातात.

हेस्टर उठू लागली. मग पुन्हा खुर्चीत टेकली.

"साहेब, तुम्ही जा."

"मी? मी तर ओळखतही नाही त्यांना!"

"त्याची बायको डॉरकस आजारी होती. गेली असणार. घर घेतलंत, तसं दारही घेतलंत. किटली चुलीवर आहे."

साहेबांनी गवंड्याकडे पाहिलं. त्यानं वीट खाली ठेवली. "माझा बाप गेला तेव्हा आईही इथंच आली होती, साहेब. मी थांबतो."

साहेबांनी दार उघडलं. "या... आत या. बूट असू द्या."

"हेस्टर कुठंय?" अमोसनं विचारलं.

"बसलेय," ती जागेवरूनच म्हणाली. "त्याला साखर जास्त लागते, साहेब."