बांधा: स्क्रॉनी

अकोल्याच्या त्या इंजिनियरवर माझा राग आहे आणि तो मी जपून ठेवला आहे. मैत्रिणी म्हणतात, सोड आता. मी सोडणार नाही.

मी पहिल्यापासून काटकुळी. अमरावतीत आमच्या गल्लीत मला काडी म्हणायचे. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण म्हणणारे तोंडावर म्हणायचे. बाबा शिंपी आहेत. माझा कुर्ता शिवून उरलेल्या कापडात पिशवी होते, असं तेही गिऱ्हाइकांना सांगत.

मी इंग्रजीत एम.ए. करत होते तेव्हा हा इंजिनियर मला पाहायला आला. जयभीम झाला, पोहे झाले. मग तो सोबत आलेल्या मेहुण्याकडे वळून म्हणाला, "टू स्क्रॉनी, यार." या घरात इंग्रजी कुणाला कळणार, असं त्यानं धरून चाललं होतं. माझा बायोडाटासुद्धा वाचला नसावा. बाबांनी विचारलं, "काय म्हन्ले साहेब?" तो गोड हसला. "काही नाही काका, मुलगी सडपातळ आहे म्हटलं, तारीफ केली."

बारीक माणसासाठी इंग्रजीत बरेच शब्द आहेत. स्लिम म्हटलं की कौतुक. थिन म्हणजे नुसतंच बारीक. स्किनीमध्ये चिडवणं आलं. आणि स्क्रॉनी म्हणजे हाडाला कातडं चिकटलेलं, पाहून नको वाटावं असं. पिसं उपटलेल्या कोंबडीच्या मानेला तो शब्द शोभतो. मला तो तिथल्या तिथे कळला होता, पण बाबांचा चेहरा इतका फुलला होता की मी गप्प बसले.

नकार मध्यस्थाच्या फोनवर आला. तरी बाबा दुकानात येईल त्याला सांगत, "जमलं नाई, पन पोरगा इंग्रजीत तारीफ करून गेला, स्क्रॉनी म्हने."

पुढच्या वर्षी अकोल्यात समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. माझी नोंदणी बाबांनी परस्पर केली. तिथे एकेकाला स्टेजवर बोलावतात, सूत्रसंचालक माइकवर माहिती वाचतो, मग उमेदवारानं आपल्या अपेक्षा सांगायच्या. माझ्या आधी तोच इंजिनियर उभा राहिला. त्याला मुलगी स्लिम, गोरी आणि फाडफाड इंग्रजी बोलणारी हवी होती.

मग मी चढले. सूत्रसंचालकानं माझं शिक्षण वाचलं, उंची वाचली, आणि तो म्हणाला, "बांधा, स्क्रॉनी." नोंदणीच्या फॉर्मवर बाबांनी 'सडपातळ' काढून, तारीफ समजून, तो शब्द टाइप करून घेतला होता.

मागच्या खुर्च्यांवरची शिकलेली पोरं हसली. सगळ्यात मोठ्यानं तो हसला. पुढच्या रांगेत बाबा पांढऱ्या शर्टात बसले होते. लोक खूश झाले असं समजून तेही हसत होते. माझं डोकं सणकलं आणि मी माइक ओढून घेतला.

"हा शब्द मले त्या साहेबानं देला," मी बोट दाखवलं. "आमच्या घरी, आमचे पोहे खाऊन. याचा अर्थ हाय मरतुकडी. माह्या बापानं इचारलं, तं म्हने तारीफ केली. ज्याले नावं ठेवाची तं हाय पन तोंडावर बोलाची हिंमत नाई, त्याले पोरगी द्याची का नाई, ते तुमीच पाहा."

बायकांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. त्याची आई त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली, जेवणसुद्धा न करता. कुणीतरी घेतलेला व्हिडिओ संध्याकाळपर्यंत मूर्तिजापूरपासून तिवस्यापर्यंत फिरला. मी तो अजून पाहते आणि मला अजून बरं वाटतं. त्या दिवशी मी बुंदी दोनदा मागून घेतली. मग लक्षात आलं, बाबा जेवायला आलेच नव्हते.

ते बाहेर चपलांच्या ढिगापाशी उभे होते.

"तुले तवाच माईत होतं?"

"हो."

"मंग मले वर्षभर सांगत काहून फिरू देलं?"

परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत बसले.

आता दुकानात कुणी इंग्रजी शब्द बोललं की बाबा मशीन थांबवतात आणि आधी माझ्या तोंडाकडे पाहतात. मला मरतुकडी म्हटल्याचं मी एखादवेळेस विसरेन, पण बाबांच्या या पाहण्याबद्दल त्या माणसाला माफी नाही.